सास्काटूनचा टोमॅटो

टोमॅटो कधी एकटा लावू नये, हे मी शारजाच्या अल मजाजमधल्या मराठी घरांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. एका अंगाला झेंडू हवा, पायाशी तुळस हवी. झेंडूच्या वासाने किडी बिचकतात, तुळशीला टोमॅटोची सावली मिळते. ऑक्टोबर लागला, एसी बंद करून बाल्कनीचं दार उघडं ठेवता यायला लागलं, की आमच्या फ्लॅटची बेल वाजायला सुरुवात होते. लबानच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या बाटल्या अर्ध्यावर कापून त्यांत मी जोडीने रोपं तयार ठेवलेली असतात, एका बाजूला टोमॅटो, दुसऱ्या बाजूला झेंडू. आलेल्या माणसाला आधी माझं व्याख्यान ऐकावं लागतं, मग रोप मिळतं. आमची ही त्याला 'प्रसादाआधीचं कीर्तन' म्हणते.

या वर्षी रोपं नेहमीपेक्षा जास्त झाली. कारण सरळ होतं. मला दुसरा उद्योग नव्हता.

ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. दुबईत रास अल खोरच्या एका गोदामाचं सगळं कामकाज मी बघत होतो. दुसऱ्या कंपनीने आमची कंपनी घेतली आणि एचआरमधल्या मुलीने व्हिडिओ कॉलवर मला सांगितलं की माझी 'पोझिशन' राहिलेली नाही. माणूस नको आहे असं ती म्हणाली नाही, पोझिशन राहिली नाही म्हणाली. मी तिला "थँक यू, थँक यू" म्हणालो. दोनदा. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. आयुष्यभर ट्रक अडले की ड्रायव्हरांवर, सप्लायरांवर, कस्टमवाल्यांवर आवाज चढवणारा मी, आणि माझ्याच मानेवर सुरी फिरत असताना तोंडातून निघालं काय, तर थँक यू.

घरी येऊन बायकोला सांगितलं आणि लगेच बजावलं, "हे बाहेर जाता कामा नये. आणि लेकीला तर अजिबात नाही."

"का? तिला का नाही?"

"नाही म्हणजे नाही. खलास."

तिने फक्त चहा ठेवला. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी लग्न झाल्यापासून समजत आलोय.

लेकीला का सांगायचं नव्हतं, त्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते फार भूषणावह नाही. लेक शारजात वाढली, दुबईत ऊद मेथाच्या शाळेत रोज बसने जाऊन शिकली, आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर कॅनडात सास्काटूनला गेली. तिकडे त्यांनी घर घेतलं तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "बाबा, तुमचं काम संपलं की इकडे या. फॉर गुड." मी हसण्यावारी न्यायचो. येऊ की फिरायला, म्हणायचो. माझे वडील माझ्या बहिणीच्या घरी मुक्कामाला राहिले नाहीत. सकाळी जायचे आणि दिवेलागणीला परत. मी स्वतःला आधुनिक समजतो, पण लेकीच्या घरी उशी-पांघरूण घेऊन कायमचं राहायला जायचं म्हटलं की मलाही दिवेलागणीच्या आत परत निघावंसं वाटतं.

त्यात भर म्हणजे माझं तोंड. दोन वर्षांमागे आमच्यातला एक मित्र निवृत्त होऊन मुलीकडे टोरांटोला निघाला, तेव्हा त्याच्या निरोपाच्या जेवणात मी उभा राहून म्हणालो होतो, "घरजावई पुष्कळ पाहिले, घरसासरा पहिल्यांदाच बघतोय!" काय हशा पिकला होता! समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ तर हसता हसता खुर्चीवरून घसरायचे राहिले. मित्रही हसला. तो हसला, म्हणून मला तेव्हा वाटलं की त्याला लागलं नसावं. आता नोकरी गेल्यावर रोज दाढी करताना मला ते वाक्य आठवायचं आणि आरशात तो घरसासरा दिसायचा.

नोकरीबरोबर व्हिसाही जातो, हे इथे पोरासोरालाही माहीत असतं. मिळालेली मुदत संपली की गाशा गुंडाळायचा. पुण्याला फ्लॅट आहे, तिकडे जाऊ, असं मी बायकोला म्हणत होतो. ती म्हणायची, "आणि तिथे आपलं कोण आहे?" मग मी बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचो. पहिल्या आठवड्यात इतकं पाणी घातलं की खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

लेकीचे फोन मी उचलणं बंद केलं. ठरवून नव्हे, हात पुढे होईना. तिने विचारलं असतं, "बाबा, ऑफिस कसं चाललंय?" आणि मला खोटं बोलावं लागलं असतं. फोन वाजला की मी बायकोकडे सरकवायचो आणि न्हाणीघरात शिरायचो. नंतर लेकीला अंगठ्याचं चित्र पाठवायचो. बाप म्हणून तेवढाच उरलो होतो, एक अंगठा.

मग ऑगस्टच्या शेवटी तिचा मेसेज आला. मागच्या अंगणात भाजीचे वाफे केलेत, आणि पानगळीच्या मोसमासाठी पालक, केल नावाची कोबीसारखी पालेभाजी, गाजर, लसूण असं काही लावायचंय. कशाच्या शेजारी काय लावावं? 'यू आर द एक्स्पर्ट, बाबा.' खाली मातीचा फोटो.

मी फोन लावला. आपणहून लावला, आणि चांगला तासभर बोललो.

त्यानंतर दर शनिवारी आमचा फोन ठरला. इकडची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. ती कॉफीचा मग घेऊन वाफ्यापाशी उभी राहायची आणि मी बाल्कनीत उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडायचो. पालक केलच्या सावलीत लाव. गाजराला कांद्याचा शेजार दे, वासाने माशी चुकते. लसूण कुठेही चालतो, फक्त वाटाण्याजवळ नको, त्यांचं जमत नाही. इथवर ठीक होतं. पण मला तेवढ्यावर थांबता येत नाही.

"टोमॅटो कुठंय?" मी विचारलं.

"बाबा, टोमॅटो? नाऊ? इट्स गेटिंग कोल्ड हियर."

"अगं, मग थंडीच तर हवी! थंडी पडली म्हणजे सीझन सुरू. इकडे आम्ही मेपासून डोळे लावून बसतो त्या थंडीकडे."

इथे राहणाऱ्या माणसाचं डोकं असंच झालेलं असतं. आम्हाला उन्हाळा मारतो आणि थंडी जगवते. ऑक्टोबर म्हणजे पेरणी, जानेवारी म्हणजे भरपूर भाजी, मे म्हणजे सगळं करपून संपलं. तिकडे बर्फ पडतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, सिनेमात पाहिलेला होता. पण तो नाताळात पडतो अशी माझी समजूत होती. तोवर टोमॅटोचे दोन तोडे निघतील, असा मी हिशेब मांडला आणि तो तिच्या गळी उतरवला. आत्ताच खिडकीत रोपं कर, ऑक्टोबरात बाहेर लाव, शेजारी झेंडू, पायाशी तुळस. आणि लसणावर तो हातभर जाड पेंढा पसरलायस, तो आधी काढ. पेंढ्याने वाळवी लागते.

"वाळवी म्हणजे?"

"टर्माइट गं."

"बाबा, आय डोन्ट थिंक वी हॅव..."

"ऐक माझं. इतकी वर्षं करतोय मी."

ती म्हणाली, "ओके, बाबा." मला तेव्हा ते कबूल केल्यासारखं वाटलं.

पुढच्या शनिवारांमध्ये मी विचारायचो, रोपं झाली? झाली. लावली? लावली, बाबा. मग कॅमेरा खिडकीकडे, नाहीतर तिच्या चेहऱ्याकडे. अंगणात जाऊन दाखव म्हटलं की म्हणायची, "इट्स विंडी टुडे." मी खूश. त्या एका तासात माझी नोकरी गेलेली नसायची. मी पुन्हा गोदामावर उभा असायचो आणि जग माझ्या सांगण्याने हलायचं.

बाहेर मात्र मी चोरासारखा वावरत होतो. सकाळी कचरा टाकायला निघालो की लिफ्टमध्ये समोरचे भेटायचे, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात डबा.

"काय राव, आजही घरूनच?"

"हो ना, आमचं आता फुल वर्क फ्रॉम होम."

"लकी आहात यार. आम्हाला तर रोज ट्रॅफिकमध्ये मरायचं."

मी हसायचो. मग विषय बदलायला सास्काटूनच्या टोमॅटोची गोष्ट काढायचो. शारजाच्या बाल्कनीतून कॅनडात शेती करतोय, म्हणायचो. हळूहळू ती गोष्ट सगळ्या ओळखीत पसरली. भाजीच्या दुकानात भेटलेले लोकही विचारायला लागले, "काय म्हणतोय कॅनडाचा टोमॅटो?" मी म्हणायचो, "फुलावर आलाय." तेव्हाही मला आतून लाज वाटत होतीच, पण बोललं की ती थोडी मागे सरायची, आणि नोकरीचं कोणी विचारत नसे.

दिवाळीत आमच्याकडे फराळाला लोक येतात. या वर्षी नको म्हणावंसं वाटत होतं, पण नको म्हटलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. त्यामुळे समोरचे नवराबायको आणि आणखी दोन कुटुंबं आली. चकल्या, चिवडा, चहा, पोरांचा गोंगाट. लबानच्या बाटल्यांतली रोपं मी दाराजवळ मांडून ठेवली होती, जाताना ज्याची त्याने न्यायची. ते माझं या घरातलं शेवटचं वाटप होतं, आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

शनिवार होता. लेकीच्या फोनची वेळ झाली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, टीव्हीवर लावा ना! बघू तरी तुमचा तो टोमॅटो."

सगळे म्हणाले लावा, लावा. नाही म्हणायचं काहीच कारण माझ्याकडे नव्हतं. उलट माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. मी फोन टीव्हीला जोडला.

पडद्यावर लेक नव्हती, जावई होता. माणूस सरळ. तो नागपूरकडचा आहे आणि त्याला आडपडदा ठेवता येत नाही. ती अंघोळीला गेली होती म्हणून फोन त्याने उचलला होता. सगळ्यांना "हॅपी दिवाळी" झाल्यावर मीच म्हणालो, "अरे, मंडळींना जरा वाफे दाखव. टोमॅटो दाखव."

"टोमॅटो?" तो म्हणाला. मग त्याने पायात बूट चढवले आणि फोन घेऊन मागचं दार उघडलं.

टीव्हीचा अख्खा पडदा पांढरा झाला. कुंपण पांढरं, झाड पांढरं, जमीन पांढरी. वाफे कुठले तेही कळेना. त्याने बुटाने थोडा बर्फ बाजूला केला. खाली एक काळा पडलेला दांडा होता, ओल्या दोरीसारखा आडवा.

"हा एक होता बघा, बाबा. लावले त्याच रात्रीच्या फ्रॉस्टला गेले सगळे. मी तिला म्हटलं होतं, नको लावू, मरतील. तर म्हणे, बाबांनी सांगितलंय, लावणार. झेंडूसुद्धा लावला शेजारी. ही जागा झेंडूची."

पाहुण्यांपैकी एक छोटी पोर ओरडली, "अंकल, युअर टोमॅटो इज अ पॉप्सिकल!" आणि सगळे हसले. मीही हसलो. हसणं भागच होतं. जावयालाही वाटलं की छान चाललंय, म्हणून तो आणखी मोकळा झाला.

"बाबा, आता तुम्ही दोघं इकडे याच. तसंही ऑफिस आता राहिलं नाही, मग शारजात कशाला थांबायचं? वरची खोली रंगवून तयार आहे."

हसू एकदम थांबलं. चमच्यांचा आवाजही थांबला. समोरच्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन हातातल्या बशीकडे पाहिलं. त्यांनी तसं बशीकडे पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. वर्क फ्रॉम होम, लकी आहात यार, फुलावर आलाय... माझे सगळे शब्द त्या चिवड्याच्या बशीत पडल्यासारखे झाले. मी टीव्हीचा रिमोट शोधायला लागलो. तो माझ्या हातातच होता.

लोक लवकर उठले. जाताना प्रत्येकाने आपापलं रोप नेलं आणि प्रत्येकजण गरजेपेक्षा जास्त वेळा "थँक यू" म्हणाला. समोरच्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

दार लागल्यावर मी बायकोवर उसळलो. "तू सांगितलंस?"

"हो. ऑगस्टमध्येच सांगितलं. तिचा फोन आला नि तुम्ही पहिल्यांदा न्हाणीघरात लपलात ना, तेव्हा." ती बशा गोळा करत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "तुमचा राग मला झेपतो. पोरीला रोज खोटं सांगणं झेपलं नसतं."

मी बाल्कनीत जाऊन उलट्या बादलीवर बसलो. खाली खालिद लगूनच्या पाण्याकडेने लोक पोरांना घेऊन फिरत होते. फोन वाजला. लेकीचा. मी बघत राहिलो. तो वाजून बंद झाला. पुन्हा वाजला, आणि पुन्हा मी बघत राहिलो. तिसऱ्यांदा मात्र तो वाजेपर्यंत मला थांबवेना. मी लावला.

"बाबा, आय अॅम सो सॉरी. ही डिडंट नो इट वॉज अ सीक्रेट..."

"तुला ऑगस्टपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला ते पालक, केल, शेजारी काय लावू... तुला येत नव्हतं ते?"

ती म्हणाली, "गेल्या वर्षी पण केलं होतं, बाबा. लसूण भरपूर आला होता. आईला फोटो पाठवले होते."

"मग विचारत का होतीस?"

"बिकॉज यू वर नॉट पिकिंग अप माय कॉल्स." तिचा आवाज बारीक झाला. "गार्डनचं विचारलं की तुम्ही फोन करायचात."

मला काय वाटलं ते लिहायचं तर शरम हा शब्द लहान पडतो. नोकरी गेली त्याची शरम, लोकांत फजिती झाली त्याची शरम, या सगळ्या एका बाजूला. मी तिच्यावर हुकूम सोडत होतो, आणि ती मात्र बापाचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून थंडीत वाफ्याशी उभी राहत होती. मरणार हे माहीत असलेली रोपं तिने खिडकीत वाढवली आणि बाहेर नेऊन लावली, कारण 'लावली' हे मला सांगताना तिला खोटं बोलायचं नव्हतं. आणि मी तिचा बाप, तीन महिने तिच्याशी दुसरं काही बोललो नव्हतो.

"तो टोमॅटो..." मी म्हणालो.

"इट्स ओके, बाबा. पेंढा मात्र मी काढला नाही. सॉरी."

"बरं केलंस."

"लसूण खाली आहे. स्प्रिंगमध्ये येईल वर. तुम्ही याल ना तोपर्यंत?"

मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, "फॉर गुड?" मी पुन्हा हो म्हणालो. दोनदा हो म्हणायला मला फार वेळ लागला आणि ती तेवढा वेळ फोनवर थांबली.

सोमवारी सकाळी मी बाल्कनीतली सगळ्यात मोठी बादली उचलली, टोमॅटो, झेंडू आणि तुळस तिघं असलेली. फुलावर आलेलं झाड हलवू नये असं मीच लोकांना सांगतो. पण समोरच्यांच्या दारापर्यंतच न्यायची होती. ते नेमके लिफ्टसाठी उभे होते, गळ्यात कार्ड, हातात डबा. माझ्या हातातली बादली बघून सगळं त्यांच्या लक्षात आलं असावं.

"कधी निघताय?" त्यांनी विचारलं.

"मुदत संपायच्या आत. कॅनडाला, लेकीकडे."

"वा, वा. म्हणजे फिरून याल मस्त."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. भला माणूस. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि माझी मान हलायला लागलीही होती.

"फिरायला नाही," मी म्हणालो. "राहायला."

माझे कान तापले. मित्राच्या निरोपाच्या जेवणात माझ्या 'घरसासऱ्या'ला सगळ्यात मोठ्याने हसलेला माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि त्याने आता हसावं म्हणून मी अक्षरशः वाट बघत होतो. निदान फिट्टंफाट झाली असती. ते हसले नाहीत. त्यांनी डबा खाली ठेवला, दोन्ही हातांनी माझ्याकडची बादली घेतली आणि विचारलं, "याला पाणी किती घालू?"